साडूंनी रांधलेले डुक्कर

आमच्या साडूंइतका घाईचा माणूस बडनेऱ्यापासून अकोल्यापर्यंत दुसरा झाला नाही. हे मी तोलून सांगतो. अमरावतीच्या बाजारात कापूस तोलण्यात माझे निम्मे आयुष्य गेले आहे आणि असेल त्यापेक्षा जास्त सांगायची सवय मला नाही. साडूंविषयी लोक बरेच वाढवून बोलतात. अंगावर पाणी पडायच्या आधी ते आंघोळ करून उठतात, असे त्यांच्या गावात म्हणतात. ते खरे नाही. पाठ तेवढी कोरडी राहते. कीर्तनात बुवांनी कथेला हात घातला की हे आरतीसाठी उभे राहतात, हे मात्र खरे. मी शेजारीच होतो आणि धोतराचा सोगा ओढून त्यांना खाली बसवले. बसता बसता ते मला म्हणाले, "उरलं काय आता? देव तं भेटनारच हाय शेवटी." जेवताना त्यांचा पहिला घास तोंडात असतो, दुसरा हातात आणि नजर तिसऱ्यावर. माझ्या बायकोची थोरली बहीण त्यांना दिलेली. तिने या माणसाबरोबर संसार कसा केला असेल याचा मी पुष्कळ विचार केला आहे. ती स्वतः अतिशय सावकाश बाई. ती "अहो" म्हणून हाक मारी आणि पुढचे वाक्य जुळवीपर्यंत हे शेतावर पोचलेले असत.

त्यात ते दिवसच घाईचे होते. तिकडे अमेरिकेत लढाई लागली, तिथला कापूस विलायतेला जाईनासा झाला आणि आमच्या काळ्या जमिनीतल्या बोंडांना एकाएकी मान आला. लोकांनी बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या चढवल्या. ज्वारीच्या वावरात कापूस पेरला आणि खायला ज्वारी विकत आणली. सकाळचा भाव दुपारी राहत नसे. साध्या माणसांची झोप उडाली, तिथे आमच्या साडूंचे काय व्हावे? एकदा कोणीतरी भाव चढल्याची बातमी आणली. ऐकल्याबरोबर साडूंनी बैल जुंपले आणि धुरळा उडवीत ते अमरावतीला आले. बाजारात सगळ्यांच्या पुढे गाडी घातली आणि मला म्हणाले, "तोला." मी गाडीवरची पासोडी उचलली. खाली कडब्याची एक पेंढी होती. कापूस घरीच राहिला होता. भोवतालच्या लोकांना हसू आवरेना, पण साडूंचा चेहरा जराही उतरला नाही. "मंग काय झालं?" ते म्हणाले, "भाव तं पाहून झाला ना." आणि तसेच परत फिरले.

तर अशा या माणसाच्या एकुलत्या एक मुलीचे लग्न जमवायचे होते. अकोल्याकडच्या एका मातबर शेतकऱ्याच्या मुलाचे नाव मीच सुचवले होते. मुलगा शहाणा, घर चांगले. अडचण मुलाच्या बापाची होती. गृहस्थ फार सावध. आमच्यात असा रिवाज आहे की मुलगी पाहायला आलेला पाहुणा गूळपाणी घेतो, सुपारी घेतो, पण त्या घरचे जेवला म्हणजे सोयरीक ठरली. या गृहस्थांनी त्या हंगामात कितीतरी मुली पाहिल्या होत्या आणि कुठेच ताटावर बसले नव्हते. सगळीकडे पाणी पिऊन ते उठत. साडूंना हे ठाऊक होते. मुलगी त्यांचा जीव की प्राण. दोन स्थळे त्यांच्याच उतावळ्या बोलण्याने मोडली होती. आता हेही गेले तर गावात मुलीलाच नाव ठेवतील, ही भीती त्यांना लागली होती. म्हणून मी आदल्या दिवशीच त्यांच्याकडे जाऊन राहिलो. "तुम्ही फक्त कमी बोला," असे मी त्यांना बजावले. ते "बरं" म्हणाले, तेही माझे वाक्य पुरे होण्याआधी.

पाहुणे यायचे होते पुढच्या दिवशी. आले एक दिवस आधीच. अकोल्याकडे परतणाऱ्या कापसाच्या गाड्या गावाबाहेरच्या विहिरीवर बैलांना पाणी पाजायला थांबल्या होत्या. वाटेत चोरांचे भय, म्हणून पाहुण्यांना त्यांच्याबरोबरच निघायचे होते. बैलांचा विसावा होईपर्यंत काय तो वेळ. घरात पुरणासाठी डाळसुद्धा भिजलेली नव्हती. होत्या त्या सकाळच्या भाकरी आणि पिठले. पाहुण्यांनी गूळपाणी घेतले, मुलीला दोन प्रश्न विचारले आणि पागोटे सारखे केले. म्हणाले, "येतो आमी. मंग कळवू."

साडू म्हणाले, "जेवून जा ना जी."

"नाई. गाड्या थांबल्या हायेत."

"जेवा कोन म्हनते? मांगं परसात या जरा. डुक्कर पडलं काल."

पाहुण्यांचे पागोट्यावरचे हात थांबले. "रानातलं?"

"मंग का घरातलं?"

त्याचे असे झाले होते. हरभऱ्यात रानडुकरे शिरून सगळे उकरून टाकत, म्हणून गावच्या पोरांनी रात्री कुत्री घालून एक मारले होते. वावर साडूंचे, म्हणून एक मांडी त्यांच्याकडे आली होती. आता आमच्या घरांतून रानडुक्कर खातात, पण ते उंबऱ्याच्या आत येत नाही. पुरुषांनी परसात तीन दगड मांडायचे आणि आपले आपण शिजवायचे. घरातले भांडे बाहेर जात नाही, बाहेरचे आत येत नाही. बायका दाराच्या आत उभ्या राहून नाक मुरडतात. चांगले शिजायला मडक्यात दुपारची संध्याकाळ होते. पण साडूंचे कुठलेही काम दुपारची संध्याकाळ होईपर्यंत चालल्याचे मला आठवत नाही.

त्यांनी रेल्वेच्या मातीकामावरून आणलेले एक लोखंडी घमेले दगडांवर पालथे घातले आणि खाली कापसाच्या झाडांच्या पळाट्या पेटवल्या. वाळलेल्या पळाट्या भडभड पेटतात. घमेले बघता बघता तापले. विळ्याने त्यांनी मांडीचे पानासारखे पातळ काप काढले, त्यांना मीठ, लसूण आणि तिखट चोळले आणि घमेल्याच्या पाठीवर पसरले. तेल घातले नाही. डुकराची चरबीच वितळून चुरचुरू लागली. मी त्यांना अनेक कामे करताना पाहिले आहे आणि बहुतेक बिघडवतानाच पाहिले आहे, पण त्या दिवशी त्यांच्या घाईला पहिल्यांदा योग्य काम सापडले होते. एक बाजू तांबूस झाली की उलटायचे, दुसरी झाली की उचलायचे. तिथे सावकाश माणसाच्या हातून चामडेच झाले असते.

"मैने," त्यांनी मुलीला हाक मारली, "कवठं फोड. गूळ दे इकडं."

त्यांची बायको दारात आली. "घरातला गूळ त्या चुलीपाशी न्यायचा नाही," ती म्हणाली. तिच्या आयुष्यात एवढे लांब वाक्य इतक्या लवकर तिने बोललेले मी ऐकले नव्हते. मग मैनेने आतच पिकलेली कवठे फोडली, गर काढला, आतल्या चुलीवर गुळात कालवून, जिरे घालून त्याचा दाटसर रस केला. भांडे बाहेर द्यायचे नव्हते म्हणून उंबऱ्याच्या आत उभी राहून तिने पळीने तो वरून ओतला. मी खाली पळसाचा द्रोण धरून उभा होतो. शिंतोडे माझ्या बाराबंदीवर उडाले.

पाहुण्यांनी पहिला काप रसात बुडवून खाल्ला. दुसरा खाल्ला. मग गाडीच्या पडलेल्या जुवावर बसले. तिखट, चरबी आणि त्यावर तो आंबटगोड रस. मीही खात होतो. काप संपले, तरी पाहुणे बोटाने द्रोणातला रस चाटीत राहिले. मी आणखी एक द्रोण भरून आणला. तोही गेला.

इथे साडूंनी गप्प बसायला हवे होते. ते उठले, हात धोतराला पुसले आणि कुंपणापलीकडच्या शेजाऱ्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "झालं. जेवले पाहुणे. सोयरीक झाली."

पाहुण्यांचा हात द्रोणातच राहिला. "थांबा जी," ते म्हणाले. "हे परसातलं हाय. शिकारीचं कोनी कोनाकडंबी खाते. रस्त्यानं जानाराबी खाते. याले घरचं जेवन म्हनत नाईत."

ते खरे होते. एवढा वेळ न बोलता उभे असलेले साडू मी पूर्वी पाहिले नव्हते. शेजारी कुंपणाशी येऊन उभा राहिला होता. दारामागे बांगड्यांचा आवाज झाला आणि थांबला.

पाहुणे माझ्याकडे वळले. "तुमी तोलनारे मानूस. तुमी सांगा. मी चुकीचं बोलून राहिलो का?"

मी म्हणालो, "शिकारीचं तुमचं बरोबर आहे. ते घरचं नाही. पण रस आतल्या चुलीवरचा. पोरीनं केला. उंबऱ्याच्या आतून ओतला, द्रोण मी धरला होता." मग मला राहवेना, म्हणून जोडले, "वरून चिमूटभर मीठ मात्र साडूंनी टाकलं. ते धरू नका."

पाहुण्यांनी द्रोणाकडे पाहिले. "अन् मी रस किती खाल्ला?"

"शिकारीपेक्षा जास्त."

त्यांनी दाराकडे पाहिले. मैना आत पळाली. विहिरीकडून गाडीवान हाका मारीत होते. पाहुण्यांनी पागोटे काढून मांडीवर ठेवले.

"मंग भाकर आना आतली," ते म्हणाले. "अर्ध्या जेवनावर सोयरीक करत नाई मी."

लग्न झाले. यथावकाश मैना अकोल्यास नांदायला गेली. पुढे अमेरिकेतली लढाई संपली, कापसाचा भाव खाली आला, बैलांच्या शिंगांवरच्या शेंब्या एकेक करून सोनाराकडे गेल्या आणि रेल्वे बडनेऱ्यावरून धावू लागली. साडूंना आता अकोल्याला जाणे सोपे झाले होते आणि ते काही ना काही काम काढून जात. एकदा मीही बरोबर होतो.

आमच्यात लेकीला मूल होईपर्यंत बाप तिच्या घरचे पाणीही पीत नाही. आम्ही व्याह्यांच्या ओट्यावर बसलो. व्याही म्हणाले, "घोटभर घ्या ना जी, कोन पाहते?" साडूंनी मान हलवली. बरोबर आणलेल्या तांब्यातले पाणी प्यायले. मैना दारात येऊन उभी राहिली, आईची चौकशी केली, गाईची केली आणि आत स्वयंपाकाला गेली. आमची गाडी सुटायची वेळ जवळ आली होती. मी दोनदा आठवण करून दिली.

"बसा ना," साडू म्हणाले.

आतून भाकरी थापल्याचा आवाज येत होता. साडू भिंतीला टेकून डोळे मिटून ऐकत होते. एक भाकरी तव्यावर पडली, दुसरी थापायला लागली.

"जाडच थापते अजून," ते हळू आवाजात मला म्हणाले. मग शेवटची भाकरी होईपर्यंत ते तिथून उठले नाहीत.