वहिनी मंदिराबाहेर का उभी होती

गुणमाला वहिनी,

दर फोनला तू एकच विचारतेस, "वन्सं, माझं तेवढं काम केलासा का?" त्याचं उत्तर फोनवर देता येत नाही, म्हणून लिहिते. चष्मा लाव आणि स्वतः वाच.

दशलक्षण पर्वाला मी साताऱ्याहून तासगावजवळ आपल्या गावी आले, त्याला आता तीन वर्षं होतील. चाळीस वर्षं जिनमंदिरात अभिषेकाच्या दुधाचा कलश मी तुझ्याच हातात पाहिला. त्या सकाळी तो सुनेच्या, चंदनाच्या हातात होता आणि तू बाहेर चपलांपाशी.

"गुडघं धरल्यात," म्हणालीस. मंदिराला पायऱ्या दोन. आदल्याच दिवशी तू बेदाण्याचं खोकं काढायला शिडीवरून माळ्यावर चढली होतीस! घरी पाहते तर पाण्याच्या हंड्यालाही तू हात लावीत नव्हतीस. मी तुला गोठ्यामागे नेलं.

"आवं वन्सं, हसू नगासा. म्हातारपणी पाळी परत आलीया."

"वय काय तुझं? सहासष्ट. पाळी जाऊन पंधरा वर्षं झाली. गेलेली एसटी परत येते का?"

"येती की. दुसऱ्या दिवशी."

"कितव्यांदा हे?"

"चौथ्यांदा." मग पदराशी चाळा करत म्हणालीस, "चार दिवस बाजूला बसती, न्हाती, मोकळी हुती. कुणाला काय तरास न्हाई."

मला राग आला. तुझा कमी, माझा जास्त. बी.एस्सी. झालेली, पस्तीस वर्षं पोरींना शरीरशास्त्र शिकवलेली मी, आणि घरातल्या बाईला एवढं कधी सांगितलं नव्हतं, की पाळी बंद झाल्यावर लागलेलं रक्त ही पाळी नसते, ते डॉक्टरला दाखवायचं असतं. त्याच्या दोन वर्षं आधी गावात बायकांच्या तपासणीचं शिबिर झालं, तेव्हा तू काय केलंस? सगळ्या नर्सबाईंना पोहे खाऊ घातलेस आणि स्वतः तपासून घेतलं नाहीस. "मला काय धाड भरलीया?"

दुसऱ्याच दिवशी सांगलीला नेलं. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "याआधी आतून कधी तपासलंय?" तू म्हणालीस, "भरतेशच्या वक्ताला सुईणीनं." तुझा धाकटा भरतेश तेव्हा त्रेचाळीस वर्षांचा!

आतला एक तुकडा काढून तपासायला पाठवला. ते आठ दिवस रामगोंडादादा माझ्याशी एवढंच बोलला, "वाचंल न्हवं?" रिपोर्ट आला. गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर, पण पहिल्या पायरीवरच सापडलेला. ऑपरेशन करून पिशवी काढावी लागेल, बरं व्हायची आशा चांगली आहे, डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आणखी वर्षभर बाजूला बसला असतात, तर मला असं म्हणता आलं नसतं," हेही त्यांनी सांगून टाकलं. मला ती बाई आवडली.

तू शांतपणे म्हणालीस, "काढा की. तीन लेकरं झाली, आता ती पिशवी कुणाला द्याची हाय?" खोलीत सगळे हसले. दादा तेवढा बाहेर जाऊन डोळे पुसून आला.

ऑपरेशन नीट झालं, तेव्हापासूनच्या सगळ्या तपासण्या चांगल्या आल्या. यंदा उन्हाळ्यात बेदाणा निवडायला बसलेल्या बायकांना तू काय सांगत होतीस, ते मी शेडच्या दारातून ऐकलं. "पाळी गेल्यावर परत लागलं, तर देवळाच्या दारात उभं ऱ्हायचं न्हाई, दवाखान्याच्या दारात ऱ्हायचं. आन् काय बी हुत न्हाई तवाच एकदा बघून घ्याचं." नऊ जणी गेल्या. शालूबाईला सुरुवातीचंच काहीतरी निघालं, कॅन्सर व्हायच्या आधीचं. उपचारही लगेच झाले. माझ्या पस्तीस वर्षांत मला हे जमलं नाही.

आता तुझं काम. ऑपरेशनला जाताना स्ट्रेचरवरून तू माझा हात धरून म्हणालीस, "वन्सं, तुमी शिकलेल्या. कुणा जाणत्या पंडिताला इचारा, आजाराच्या रक्ताचा इटाळ धराचा का न्हाई? मी चारदा उगंच भाईर हुबी ऱ्हायली का?"

साताऱ्यात विचारायला माणसं आहेत. दोनदा एका पंडितांच्या दारापर्यंत जाऊनही आले. पण "धरायचा" असं उत्तर आलं, तर पुन्हा कधी रक्त लागलंच की तू मुकाट्याने चपलांपाशी जाऊन उभी राहशील, आणि मला ते कळणारही नाही.

म्हणून नाही विचारलं, वहिनी.