सोडलेली गाठ

देवावरचा माझा विश्वास उडाला होता असं नाही. सकाळी तुळशीला पाणी, देवघरात दिवा, शनिवारी नरसिंहाच्या नावानं उपास, यात कधी खंड पडला नाही. पण खरं सांगायचं तर त्या वर्षात मी देवापुढं नुसते हात जोडत होते आणि राखण मात्र माझी मीच करत होते. ह्यांना सांभाळायचं काम दुसऱ्यावर सोपवावं इतका भरवसा मला कुणाचाच वाटत नव्हता, त्याचाही नाही.

हे म्हणजे माझे यजमान. वालचंदनगरला मशीन शॉपमध्ये त्यांची सगळी नोकरी गेली. निवृत्त झाल्यावर क्वार्टर सोडून आम्ही जवळच दोन खोल्या बांधल्या. मुलगा आणि सून पुण्याला. सगळं बरं चाललं होतं आणि ध्यानीमनी नसताना ह्यांना अर्धांगाचा झटका आला. झटका सौम्य होता, हातापायातलं बळ हळूहळू परत आलं, पण काही महिन्यांनी फिट यायला लागल्या. सत्तरीला टेकलेल्या माणसाला नव्यानं फिट येते हे मला ठाऊकच नव्हतं. बारामतीच्या डॉक्टरांनी नीट समजावलं. उतारवयातही हे दुखणं सुरू होतं, गोळ्यांनी पुष्कळांचं आटोक्यात राहतं, फक्त गोळी चुकवायची नाही आणि झोप मोडायची नाही. ह्यांची फिट यायची ती डोळा लागता लागता, नाहीतर पहाटे जाग येता येता. ना धड झोप, ना धड जाग, अशा सांध्यावर ती दबा धरून बसलेली असायची.

झोप मोडायची नाही हे मी ऐकलं होतं. पण त्याच दिवशी दवाखान्याच्या बाकावर शेजारी बसलेल्या एका बाईंनी आपल्या दिराची हकिकत सांगितली. रात्री चांगला जेवून झोपला, झोपेतच फिट आली आणि गेला. घरच्यांना कळलं ते सकाळी, चहाचा कप घेऊन हाक मारायला गेल्यावर. मग डॉक्टरांचं सगळं बोलणं बाजूला राहिलं आणि तो चहाचा कप तेवढा माझ्या डोक्यात घर करून बसला. सकाळी आपण हाक मारायची आणि हे ओ देणार नाहीत, या एका विचारानं माझ्या अंगावर काटा यायचा. त्या दिवसापासून मी नीट झोपलेच नाही.

ह्यांना उठवणं हा तसा माझा जन्मभराचा हातखंडा. पहिली पाळी असो, दुसरी असो की रात्रपाळी, कंपनीचा भोंगा व्हायच्या आत ह्यांना उठवून, डबा हातात देऊन घराबाहेर काढायचं काम माझं. हे कधी उशिरा पोचले नाहीत, याचा मान ह्यांना मिळाला असला तरी तो खरा माझा, असं मी चारचौघींत ठणकावून सांगत असे. आता कामावर जायचं नव्हतं, तरी मी उठवतच होते. "अहो," म्हणून हळूच हाक मारायची, ह्यांनी "हुं" केलं की माझा जीव भांड्यात पडायचा. पुढं मला तेवढ्यानंही भागेना. मग जुन्या सुती साडीची लांब पट्टी फाडली आणि निजताना तिचं एक टोक ह्यांच्या मनगटाला, दुसरं माझ्या मनगटाला बांधायला लागले. हे जरा हलले तरी मला कळावं म्हणून.

"मला काय दावणीला बांधती व्हय गं?" हे हसून म्हणायचे. "पळून जायचं वय हाय का माझं?"

मी हसत नसे. ह्यांच्या कंपनीत एक रीत होती. पाळी संपली तरी रिलीव्हर, म्हणजे पुढच्या पाळीचा माणूस, आल्याशिवाय मशीन सोडायचं नाही. तो आलाच नाही तर तसंच उभं राहायचं. हे कितीदा तरी तसे उभे राहून, सुजलेल्या पायांनी घरी आलेले मी पाहिले होते. माझं आता तेच झालं होतं. फरक इतकाच, की माझा रिलीव्हर कधी येणारच नव्हता.

आणि एवढं डोळ्यांत तेल घालून बसूनही फिट काही कमी होईनात, उलट वाढल्या. दिवसा हे चहा पिता पिता पेंगायचे, कप कलंडायचा. बोलताना शब्द विसरायचे. डॉक्टरांनी ह्यांना विचारलं, "रात्री झोप सलग लागते ना?" हे तोंड उघडायच्या आत मीच बोलून मोकळी झाले. "झोपतात की. मी असते ना रात्रभर लक्ष ठेवून." डॉक्टरांनी मान डोलावली आणि गोळी थोडी वाढवली.

वैशाखात मी नरसिंहपूरला जायचं ठरवलं. नरसिंह आमचं कुलदैवत. जयंतीच्या गर्दीत ह्यांना नेण्याची हिंमत नव्हती, म्हणून आधीचा एक साधा शनिवार धरला. शेजारचा मुलगा कामासाठी अकलूजला निघाला होता, त्यानं गाडीतून आम्हाला देवळापाशी सोडलं आणि दिवे लागायच्या सुमारास घ्यायला येतो म्हणाला. ह्यांना नीरा-भीमेच्या संगमावर अंघोळ करायची फार इच्छा होती. मी साफ नाही म्हटलं. फिट येणाऱ्या माणसानं नदीत उतरायचं नाही, हे डॉक्टरांनी बजावलं होतं. कुणीतरी तांब्यात पाणी आणून दिलं, तेच ह्यांच्या डोळ्यांना लावलं. हे लहान मुलासारखे रुसले.

गाभाऱ्यापुढं उभी राहिले तेव्हा मला स्तोत्र आठवलं नाही, काही नाही. एवढंच म्हटलं, "ह्यांना झोपेत नेऊ नकोस." मागणं कसलं, धमकीच होती ती.

बाहेर मंडपात येऊन टेकलो. दुपारची वेळ, दगडी फरशी गार, वारा नदीकडून येणारा. भिंतीला पाठ टेकताच ह्यांची मान खाली यायला लागली. जवळच उंच पायऱ्या होत्या. फिट आली आणि गडगडले तर? मी ह्यांना आडवं केलं, पिशवी डोक्याखाली दिली आणि माझ्या पदराचं टोक ह्यांच्या मनगटाला बांधून जीव मुठीत धरून बसले.

समोरच्या खांबाला टेकून एक म्हातारी बसली होती. माझ्याहून चार-सहा वर्षांनी मोठी असेल. नऊवारी लुगडं, शेजारी काठी. ती बराच वेळ आमच्याकडं बघत होती. शेवटी बसल्या जागेवरून सरकत सरकत जवळ आली.

"आबांना बरं न्हाय का?"

फिटचं मी कुणाला सांगत नसे. शब्द ऐकला की माणसं दोन पावलं मागं सरतात, हे अनुभवलं होतं. पण त्या दिवशी इतकी थकले होते की सगळं भडाभडा बोलून गेले. ती बाकावरची बाई, तिचा दीर, चहाचा कप, मनगटाची पट्टी, सगळं. म्हातारी मागं सरली नाही.

"मघापासनं बघती मी, ताई," ती म्हणाली. "आबांचा डोळा लागला की तुमची मान पडती, तुमी दचकताय आन् त्यांच्या हाताला हिसका बसतोय. ते काय हलत न्हाईत. हलताय तुमीच."

मला तिचा रागच आला. मग माझी नजर ह्यांच्या मनगटाकडं गेली. रोजच्या पट्टीनं तिथं काळपट वळ उठला होता. अंघोळ घालताना तो मी रोज बघत होते, त्यावर खोबरेल तेलही लावत होते. तो कुणाच्या ओढण्यानं उठला, हे माझ्या मनात कधी आलंच नव्हतं.

"तुमी सवता कवा झोपला व्हता?"

मी रात्री आठवायला लागले, तर सलग झोपेची एकही सापडेना.

"सोडा ती गाठ आन् पडा जरा. माझी माणसं संगमावर गेल्यात. मला गुडघ्यानं पायऱ्या उतरवत न्हाईत. मी हाय हितंच."

"आणि त्यांना फिट आली तर?"

"तर तुमाला उठवीन की."

इतकं साधं होतं ते. वर्षभरात हे मला कुणी म्हटलं नव्हतं, किंवा मी कुणाला म्हणू दिलं नव्हतं. मी गाठ सोडायला घेतली, पण ती लवकर सुटेना. शेवटी तिनंच ती सोडवली. पणदऱ्याची आहे, घरी गाई आहेत, असं काहीतरी ती सांगत होती. ते पुरतं ऐकायच्या आत माझा डोळा लागला.

जाग आली ती घंटेच्या आवाजानं. मंडपात अंधारायला लागलं होतं. पदर चाचपला तर मोकळा, आणि जवळ म्हातारी नव्हती. मी वळून पाहिलं. हे कुशीवर निजलेले, आणि त्यांच्या उशाशी कुणी भलतीच तरुण बाई मांडी घालून बसलेली.

"त्या आजींची जीप सुटत होती," ती हलक्या आवाजात म्हणाली. "घरचे हाका मारत होते, पण त्या उठेचनात. मला म्हणाल्या, मी शब्द दिलाय, तू हितं बसलीस तरच मी उठते. मी त्यांना ओळखतसुद्धा नाही, काकू. पण बसले."

ती म्हातारी जागा सोडून गेली नव्हती. रिलीव्हर बसवून गेली होती.

तेवढ्यात हे चाळवले आणि मी गोठले. जाग येण्याचा हाच तो सांधा, ज्याची मला सगळ्यात भीती. बाहेर दिवस मावळला होता, रात्र झाली नव्हती. प्रल्हादासाठी देव आला तो अशाच वेळी, ना दिवस ना रात्र, ना घरात ना दारात, हे लहानपणापासून ऐकलेलं मला तेव्हा आठवलं. जिथं कुणाचाच पहारा पुरत नाही, नेमका तिथं येणारा हा देव. मी हात पुढं केला नाही. हाक मारली नाही. ह्यांनी डोळे उघडले, छताकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं आणि म्हणाले, "च्या मिळंल का गं?"

मी रडायला लागले. चहा मागितला तर ही रडते का, हे ह्यांना कळेना.

डॉक्टरांना मी सगळं सांगितलं, पट्टीसकट. ते रागावले नाहीत. एका खोलीत झोपा, बिछाना खाली घाला, आतून कडी लावू नका, पण उठवू नका, म्हणाले. गोळ्या आणि तपासण्या चालूच आहेत. फिट थांबल्या असं मी म्हणणार नाही, पण त्या पुष्कळ विरळ झाल्या. ते झोपेमुळं, गोळीमुळं की देवामुळं, याचा हिशेब मी मांडत नाही. पणदऱ्याला जाऊन त्या आजींना शोधावं असं फार वाटलं. हे म्हणाले, "रिलीव्हरला हुडकत जायाचं नसतं. आपली पाळी आली की येळंवर हजर ऱ्हायचं." आता रोज रात्री दिवा लावताना मी नरसिंहाला सांगते, माझी पाळी संपली, आता तुझी. मग निजते. भीती गेली असं नाही, ती उशाशी असतेच. पण तिला घेऊनही झोप लागते, हे मला त्या मंडपात कळलं.

मागच्या महिन्यात सकाळी ह्यांना फिट आली. डॉक्टरांनी शिकवल्याप्रमाणं कुशीवर वळवलं, सदऱ्याची बटणं सैल केली, तोंडात काही घातलं नाही, घड्याळ बघत बसले. थोड्या वेळात ती आपोआप थांबली आणि हे गाढ झोपले. डॉक्टरांना फोन केला, ते म्हणाले झोपू द्या. पूर्वीची मी असते तर ह्यांना गदागदा हलवलं असतं. मी शेजारी बसून नुसता श्वास ऐकत राहिले, आणि ऐकता ऐकता माझाच डोळा लागला.

जागी झाले तर हे उठून भिंतीला टेकून बसलेले. माझ्या अंगावर ह्यांची शाल होती. मी धडपडून उठायला लागले, तर माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "निज गं. मी हाय जागा."