घाटावर भेटलेली माउली

त्या वर्षी मी देवाशी बोलणं टाकलं होतं. माझी सुषमा तेव्हा नऊ वर्षांची. वयाच्या मानाने फार उंच, काडीसारखी बारीक, लांबसडक बोटांची. जन्मापासूनच अंगातले सगळे अवयव जागेवर धरून ठेवणारे धागे कच्चे, म्हणून उजव्या डोळ्यातलं भिंग जागेवरून सरकलं होतं. पुण्याला ऑपरेशन करून घरी काटेवाडीला परतलो, आणि पंधरा दिवसांत ती म्हणाली, "आई, डोळ्यापुढं काळं कायतरी चढतंय." आतला पडदा सुटला होता. पुन्हा ऑपरेशन झालं, पण नजर आली नाही. अशा मुलांत हे होऊ शकतं, असं डॉक्टरांनी आधी सांगितलं होतं. पण सांगितल्यानं आईचं मन थोडंच तयार होतं? लेकीनं दोन्ही डोळ्यांनी माझ्याकडे बघावं, एवढीच आस जिवाला लागून राहिली.

सासूबाईंच्या आग्रहाखातर इंदापूर तालुक्यात नीरा-नरसिंहपूरला, कुलदैवताला गेलो. मी गाभाऱ्यात हात जोडले नाहीत. लेकीला घेऊन घाटावर जाऊन बसले. शेजारी एक वयस्कर बाई लुगडं पिळत होती. सुषमाकडे बघता बघता तिचे हात थांबले. जवळ येऊन तिनं पोरीचा हात हातात घेतला आणि एकेका बोटावरून हात फिरवत राहिली.

"हिचं काळीज तपासलंय का गं?"

"न्हाय मावशी. दुखणं डोळ्याचं हाय."

"माझा लेक असाच हुता. अशीच बोटं. आमी बी डोळंच बघत बसलो. इसाव्या वर्षी चालता चालता पडला. काळजाची मोठी नस फुटली म्हनं. तू उशीर करू नगंस, बाय."

सुषमाच्या गालावरून हात फिरवून ती निघून गेली. नाव विचारायचं मला सुचलं नाही.

पुढच्याच आठवड्यात तपासणी झाली. हृदयातून निघणारी मुख्य नस रुंदावत चालली होती. "वेळेत आणलंत," डॉक्टर म्हणाले. नसेवरचा ताण कमी करणारी गोळी सुरू झाली. डोळ्याच्या कागदांतही हृदय तपासायला लिहिलं होतं. दुःखात आम्ही ते वाचलंच नव्हतं.

तो डोळा गेला तो गेलाच. त्याची हुरहुर अजून आहे. पण सुषमा आहे. आज ती शाळेत शिकवते.

त्या बाईच्या ओढीनं मी पुष्कळदा घाटावर गेले. ती पुन्हा भेटली नाही. सासूबाई म्हणायच्या, देवच आला होता. मला ते ठाऊक नाही. मला हवं होतं एक, आणि न मागता मिळालं ते एका आईनं आपला लेक गमावून जाणलेलं होतं. आता देवापुढे उभी राहिले की माझ्यासाठी काही मागणं सुचत नाही. त्या माउलीचे लेकाविना जाणारे दिवस थोडे हलके कर, एवढंच म्हणते.