ओल्या स्लॅबखालच्या बल्ल्या

ती दुपार आठवली की आजही अंगावर काटा येतो आणि जेवता जेवता माझी मान छताकडे वळते. घरात सगळे हसतात. हसोत बापडे.

साठच्या दशकाची सुरुवात असावी. जयपूरच्या तटबंदीबाहेर एक नवी वसाहत उभी राहत होती आणि तिथल्या ठाण्यावर मी फौजदार होतो. तोवर इथली सपाट छतं दगडी पट्ट्यांची. पट्ट्या टाकून सांधे चुन्यानं भरले की छत आपल्या पायावर उभं. सिमेंटचा स्लॅब नुकताच येऊ लागला होता. सळया बांधून काँक्रीट ओतायचं, वर वाफे करून पाणी तुंबवायचं आणि घट्ट होईपर्यंत खालून बल्ल्यांचा, म्हणजे लाकडी खांबांचा, टेकू ठेवायचा, हे फार थोड्यांना ठाऊक. आमचा हवालदारही विचारायचा, "साहब, छत तो डल गई, अब बल्लियाँ किस काम की?"

एका सकाळी वसाहतीत घर बांधणारे एक मराठी डॉक्टर फिर्याद द्यायला आले. त्यांच्या स्लॅबखालच्या बल्ल्या चोरीला गेल्या होत्या.

"लाकडाचं जाऊ द्या हो साहेब. मतलब, गेली तर गेली. पण स्लॅब अजून ओला आहे आणि त्याच्याखाली मजुरांची बिऱ्हाडं आहेत."  ते ऐकून मीही घाबरलो.

त्यांच्या ठेकेदारानं लगोलग नवे टेकू दिले. पण दुपारी खबऱ्यानं सांगितलं, एक उंटगाडीवाला सिमेंट लागलेल्या बल्ल्या वखारीत विकतोय आणि त्या एकाच घराच्या नक्कीच नाहीत. म्हणजे आणखी छतं अधांतरी होती. कोणती, ते त्या एकालाच ठाऊक. अर्धवट घरं लांबलांब पांगलेली, मालक परगावी नोकरीवर, आणि रणरणत्या उन्हात मजूर सावलीसाठी त्याच स्लॅबखाली बसलेले.

गाडीवाला वखारीतच सापडला. बस्सी गावाकडचा, पिकल्या मिशांचा माणूस. शिपाई घरोघर धाडून मी ठाण्यात त्याचा जबाब घ्यायला बसलो. दरडावलं, कोठडी दाखवली, पण तो ढिम्म, अदबीनं एवढंच म्हणे, "खरीदी हैं, हुकम." तो निगरगट्ट नव्हता. कशाला भ्यायचं हेच त्याला कळत नव्हतं. मग मी त्याला जीपमध्ये घातलं आणि डॉक्टरांच्या घरी नेलं.

तिथं नव्या टेकूंवरही मधला स्लॅब खाली पोक धरून आला होता. चिरेतून पाणी ठिबकत होतं. एक थेंब त्याच्या कपाळावर पडला. त्यानं वर पाहिलं.

"हुकम, ये गिर जाती?"

"बल्लियाँ तूने ही तो निकालीं. गिर ही जाती."

तो मटकन खाली बसला. "म्हारी छोरी!" एवढंच त्याच्या तोंडून निघालं. त्याचा जावई जवळच्याच एका घरावर राखणदार होता आणि मुलगी तान्ह्या बाळाला घेऊन तिथंच राहत होती. "सबसे ज्यादा वहीं से निकालीं, हुकम. वहाँ मुझे कौन टोकता?"

जीप थांबायच्या आत त्यानं उडी मारली. मुलगी एकटीच चुलीपाशी बसली होती. उरलेल्या दोन बल्ल्यांना बाळाची झोळी बांधलेली, त्यातली एक बल्ली कललेली. वर वाफे काठोकाठ भरलेले. ओरडायची माझी छाती होईना. आवाजानंसुद्धा छत खाली येईल असं वाटत होतं. त्यानं मुलीला खुणेनं बाहेर काढलं आणि झोळीची दोरी न हलवता बाळ उचललं. तो उंबरठ्याबाहेर पडतो न पडतो तोच मधला भाग पाण्यासकट कोसळला. चूल, खाट, झोळी, सगळं त्याखाली गेलं.

उरलेली घरं त्यानं स्वतः दाखवली. संध्याकाळपर्यंत टेकू लागले, कोणी दगावलं नाही. 

आम्ही पोलीस आरोपीला आमची भीती घालतो. त्या दिवसानंतर मी आधी त्याला त्याच्या हातून काय झालं ते दाखवू लागलो. पुष्कळदा तेवढं पुरतं. कधी कधी ते फार जास्त होतं, हेही मी तिथंच पाहिलं.

कारण छत कोसळल्यावर धुरळ्यात उभी असलेली ती पोर बापाकडे कौतुकानं बघत होती. "बापू, आपको कैसे पता चला?" तिनं विचारलं. त्यानं माझ्याकडे पाहिलं.  मग त्यानंच तिला सगळं सांगितलं. तिनं त्याच्या हातातून बाळ काढून घेतलं आणि लांब उन्हात जाऊन उभी राहिली.