एक पोरगी कमी

जालिंदर सर आळे गावाजवळच्या एका कॉलेजात तर्कशास्त्र शिकवायचे, तेही तासावर. म्हणजे शिकवाल तेवढ्याच तासांचा पगार, सुट्टी लागली की ठणठण गोपाळ. तिशी उलटली तरी लग्न नाही. सरकारनं नव्या जागा भरणं केव्हाच बंद केलं होतं. त्यात २००४च्या उन्हाळ्यात प्राचार्य म्हणाले, "यंदा वर्गात वीस पोरं नसली तर तुमचा विषय बंद."

आता पोरं काय मास्तरानं पैदा करायची? पण रीतच पडली होती तशी. बारावीचा निकाल लागला की प्राध्यापक मतं मागितल्यासारखी गावोगाव पोरं मागत फिरायचे. सरांनी चपला झिजवून एकोणीस जमवली. एक कमी पडत होतं.

पिंपळवंडीच्या सावळारामची नंदा बारावी झाल्याचं कळलं. 'नंदासाठी येतोय' एवढाच निरोप धाडून सर कडक इस्त्रीचा शर्ट घालून निघाले. वजन पडावं म्हणून कॉलेजचे हेडक्लार्क गेणभाऊ बरोबर घेतले. घरात सतरंजी अंथरली होती. पोहे आले. साडी नेसलेली नंदा खाली मान घालून समोर बसली. शिक्षकाला अजून काय मान आहे, या विचारानं सर भरून पावले. अन् हे म्हणे पोरांना अनुमान शिकवतात!

त्यांनी नाव विचारलं, मार्क विचारले. "पुढं शिकायची इच्छा आहे ना?"

सावळाराम खूश झाला. "शिकू देनार म्हंजे पावणं लई चांगलं हायेत. नोकरी कायम हाय ना?"

"नाही, तासावर आहे."

"मग राव, पोरगी कशी द्यायची?"

तेव्हा कुठं सरांच्या डोक्यात उजेड पडला. "अहो, घरात नको, वर्गात द्या!"

सगळे पोट धरून हसले. नंदानं पहिल्यांदा मान वर केली. "सर, ह्ये शिकून मला काय व्हता येईल?"

"प्राध्यापक," सर म्हणाले.

"तुमच्यासारखं?"

आता कुणी हसलं नाही. सावळारामला सरांची कीव आली. "नंदा नर्सिंगलाच जाईल, सर. पन नारायणगावात आमच्या टमाट्याच्या गाळ्यावर हिशेबाला मानूस पायजे. कायमचा."

गेणभाऊ खिडकीबाहेर बघू लागले. एम.ए.ला पहिल्या आलेल्या माणसाला खरं तर संताप यायला हवा होता.

"कधीपासून येऊ?" सरांनी विचारलं.