नव्या प्रोसेसरसाठीचं कर्नल

मी मूल या तालुक्याच्या गावी राहते. पोटापाण्याची नोकरी नागपूरच्या एका कंपनीची, पण काम घरून. त्याशिवाय काही वर्षांपासून लिनक्स या मोफत संगणक-प्रणालीच्या एका छोट्या वितरणाचं, म्हणजे तयार संचाचं, कर्नल बांधायचं काम माझ्याकडे आहे. ते हौसेचं. कर्नल म्हणजे संगणकाचं यंत्र आणि त्यावर चालणारे प्रोग्राम यांच्यामधला कारभारी. तो उठला नाही तर पुढचं काहीच उठत नाही.

आमचं कर्नल अगदी जुन्या प्रोसेसरवरही चालावं अशा बेताने बांधलेलं असतं. नव्या प्रोसेसरना जास्तीच्या सूचना, म्हणजे काम झटपट करणारे हुकूम, कळतात; त्यांचा फायदा का घेत नाही, असं वापरणारे बरेच दिवस विचारत होते. म्हणून मी नव्या प्रोसेसरसाठी वेगळं कर्नल बांधलं. कुठल्या संगणकावर कुठलं बसवायचं हे अपडेटनेच ठरवावं, अशी सोय केली. प्रोसेसरची पिढी नवी दिसली की नवं कर्नल. माझ्या लॅपटॉपवर ते नीट चाललं. दुसऱ्या कुठल्या यंत्रावर मी ते लावून पाहिलं नाही.

गोंडपिपरी तालुक्यातल्या एका गावात बौद्ध विहाराला लागून वाचनालय आहे. एक निवृत्त शिक्षक ते चालवतात. तिथल्या सहा संगणकांवर आमचंच लिनक्स, मीच टाकून दिलेलं. गावातली पोरं-पोरी तिथे स्पर्धा परीक्षेच्या सराव चाचण्या देतात. अपडेट निघालं आणि दोन दिवसांनी सकाळीच त्यांचा फोन आला.

“बाई, चार मशीन उठूनच नाई राह्यल्या. पडदा काळा. काल अपडेट केलं अन् आज हे. उद्या पोरांची टेस्ट आहे.”

“बाकीच्या दोन, भाऊ?”

“त्या चालून राह्यल्या.”

काय झालं असावं ते मला तेवढ्यावरूनच कळलं. जुनं कर्नल अजून त्या यंत्रांत होतं. सुरू करताना शिफ्टचं बटण दाबून धरा, यादी येईल, त्यातलं जुनं निवडा, असं मी सांगितलं. ते चष्मा घेऊन आले आणि पडद्यावरची एकेक ओळ मोठ्याने वाचत गेले. पहिलं यंत्र चालू व्हायला बराच वेळ लागला. उरलेली तीन त्यांनी फोन ठेवून स्वतःच उठवली आणि परत फोन केला.

“झालं चालू. पण बाई, चांगलं चालत होतं ते बदलवलं काऊन?”

हे समोर बसून सांगायला हवं होतं. “येते मी,” म्हटलं आणि पोंभुर्ण्यावरून जाणारी बस धरली.

दुपारी चारही यंत्रांची माहिती काढली. प्रोसेसर नव्या पिढीचे होते, पण स्वस्तातले. अशा मॉडेलमध्ये काही सूचना गाळलेल्या असतात, आणि नवं कर्नल त्यांच्यावरच अडलं होतं; चालणाऱ्या दोन यंत्रांत त्या होत्या. कुठल्या सूचना आहेत याची यादी प्रत्येक संगणकात वाचता येते. माझं अपडेट ती न वाचताच पिढी पाहून मोकळं झालं होतं.

“म्हणजे मशीनची चूक नाई,” ते म्हणाले.

“नाही भाऊ. माझी.”

ते उठले. आत जाऊन माझ्यासाठी पाणी घेऊन आले.

मग चालणाऱ्या दोन यंत्रांपैकी एकावर आम्ही जुनं कर्नल लावलं, दुसऱ्यावर नवं, आणि दोन्हींवर तीच चाचणी उघडली. ते दोन खुर्च्यांच्या मध्ये उभे राहून पाहत होते. त्यांनी पुन्हा उघडायला लावली.

“मले तर दोन्ही सारखेच वाटून राह्यले.”

मलाही तसंच वाटलं. माझ्या लॅपटॉपवर मोठे प्रोग्राम बांधताना थोडा फरक पडत होता, हे खरं. इथे लोक प्रश्न वाचत होते आणि पर्यायावर टिचकी मारत होते. दुसऱ्या दिवशीची चाचणी ठरल्या वेळी झाली.

घरी येऊन मी आपोआप निवडण्याची सोय काढून टाकली. आता सगळ्यांना साधं कर्नल मिळतं. नवं ज्याला हवं त्याने मागून घ्यायचं, आणि बसण्याआधी ते सूचनांची यादी तपासतं, कमी असली तर नकार देतं. काय चुकलं तेही वापरणाऱ्यांच्या ईमेल-यादीवर लिहून टाकलं. दोघांनी आपलीही यंत्रं अडकल्याचं कळवलं. एकाने लिहिलं की थोड्या लोकांसाठी तुम्ही सगळ्यांना मागे ठेवता. त्याला मी नवं कर्नल कसं मागायचं ते कळवलं.

हल्ली प्रत्येक आवृत्ती आधी वाचनालयात जाते. भाऊ ती एकाच मशीनवर टाकतात, दिवसभर वापरतात आणि संध्याकाळी कळवतात. मागच्या खेपेला आवाज येत नाही म्हणाले, म्हणून मी ती आवृत्ती आठवडाभर थांबवली.