दुपारी झाळलेले पिपे

पूर्णेवर मासे धरायचे तर डोंगा बरा की पाट, यावरून आमच्या भोयांच्या घरात जेवताना भांडणं व्हायची. डोंगा म्हणजे कोरलेलं लाकूड; त्यात माणूस आत बसतो. पाट म्हणजे तेलाचे सहा रिकामे पिपे तोंडं कथलानं झाळून बंद करून बांबूच्या चौकटीखाली बांधायचे, वर फळी ठोकायची आणि दोन्हीकडे पाय सोडून तिच्यावर बसायचं. गावातले पोट्टे चिडवायचे, "काय गा, पंगतीले चालला का पाट घेऊन?" मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. मला डोंगाच हवा होता. पण बा ऐकेल तर शपथ! त्याचं म्हणणं असं, की बुडी मारणाऱ्याला पाण्यातून परत वर चढावं लागतं. डोंग्याला एका अंगानं लोंबकळलं की तो पाणी भरून घेतो. पाटावर छाती टेकवली की झालं. आणि बा नुसते मासे धरत नव्हता. आसपासच्या गावांत कोणी बुडालं, की माणसं त्यालाच बोलवायला यायची.

पन्नास साल मागे पडून सात-आठ वर्षं झाली असतील. मी विशीत होतो. जुन्या पाटाचे पिपे गंजले, तेव्हा नवे आणायचं काम बानं माझ्यावर टाकलं. अकोल्याच्या बाजारात मी अर्धा दिवस पिपे वाजवत फिरलो. कोपरे दाबून पाहिले, उन्हाकडे धरून आत डोळा लावला, कुठून उजेड येतो का ते पाहिलं, आणि सहा निवडले. "बरं काम केलं तुनं," बा म्हणाला. त्याच्या तोंडून एवढं म्हणजे फार झालं. मग म्हणाला, "अंजनगावले झाळून आन. पन सकाळी, गारव्यात. ऊन चढल्यावर तोंड बंद करू नको."

काहून, ते त्यानं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. म्हाताऱ्या माणसांचे असे शंभर नेम असतात. वैशाख होता. झाळकामवाल्याकडे गर्दी होती, माझा नंबर भर दुपारी लागला. पिप्याला हात लावला तर चटका बसत होता. उद्या परत एवढी पायपीट कोण करेल! दिले झाळून. अक्कल कुठे चरायला गेली होती माझी, कोण जाणे.

नवा पाट बांधून झाला त्याच दिवशी तिसऱ्या प्रहरी हाक आली. नदीच्या रेतीत एका मावशीची डांगरवाडी होती. ती आणि तिचा लेक मिळून डांगरं, म्हणजे खरबुजं, पिकवायचे. लेक माझ्याच वयाचा. आंघोळीला म्हणून डोहात उतरला, तो वर आलाच नव्हता.

मावशी काठावर बसली होती. रडत नव्हती. बाचा हात धरून म्हणाली, "भाऊ, आजच काढ त्याले. उद्यावर गेलं तर तोंड राहत नाई. मंग मले कोनी पाहू देनार नाई." खरंच होतं ते. उन्हाळ्याच्या पाण्यात एक रात्र गेली की माणूस ओळखू येत नाही, आणि डोहात मासेही असतात. आम्हा भोयांहून ते कोणाला जास्त ठाऊक?

मी पाटावर बसून बांबूनं तो एका जागी धरून ठेवत होतो. बा बुड्या मारत होता. चौथ्या बुडीला लेक सापडला. बानं खालून लोटला, मी काखेत हात घालून ओढला. कमरेपर्यंत तो फळीवर आला. बा पाटाला धरून धापा टाकत होता. तेवढ्यात माझ्या मांडीखाली आवाज झाला, टण्ण! पाठोपाठ दुसरा. मागच्या दोन पिप्यांचे पत्रे आत बसले, झाळ उकलली आणि गटगट पाणी आत जायला लागलं. दुपारची तापलेली हवा मी पिप्यांत कोंडली होती. डोहाच्या गार पाण्यात ती आक्रसली होती. तेव्हा कळलं बाचा नेम कशासाठी होता ते. हातातलं सोडून मी वाकलो आणि फाटलेली जागा तळव्यानं दाबून धरली. पाट कलला. मावशीचा लेक घसरला आणि पुन्हा खाली गेला.

"कवा झाळले?" बानं विचारलं.

"दुपारी."

तो पुन्हा बुडी मारायला गेला. अंधार पडेपर्यंत जात राहिला. शेवटी कानातून रक्त आलं, तेव्हा लोकांनी ओढून काढलं त्याला.

दुसऱ्या दिवशी मावशीचा लेक आपोआप वर आला. लोकांनी तोंडावर धोतर टाकलं, गाठ मारली. मावशी आडवी पडली, हातापाया पडली, पण बायांनी तिला धरून ठेवलं. तसंच नेलं त्याला. मी लांब उभा होतो.

तिसऱ्या दिवशी राख सावडून झाल्यावर ती आमच्या दारात आली. वाटलं, आता शिव्या घालेल, छाती बडवून तळतळाट देईल. द्यायलाच हवा होता. ती ओट्यावर बसली आणि मला म्हणाली, "तुनं पाह्यला ना त्याले, त्या सांजेले? वर काढला तवा? बाप्पा, तोंड कसं होतं त्याचं?"

मी पाहिलंच नव्हतं. देवाशपथ, तो हातभर अंतरावर होता आणि मी पिपा पाहत होतो. मला त्याची ओली काख आठवत होती, सदऱ्याची फाटकी बाही आठवत होती. तोंड नाही.

"चांगलं होतं, मावशी," मी म्हणालो. "डोळे मिटले होते. जराही बिघडलं नव्हतं."

"ओठ?"

"मिटलेले."

"हाव," ती म्हणाली, "लहानपनापासून तसाच झोपे तो." आणि तेव्हा ती पहिल्यांदा रडली.

पुढे मला अकोल्याला नोकरी लागली. पण गावी गेलो की ती भेटायची, आणि कोणी नवं माणूस बसलेलं असलं, तर माझा दंड धरून त्याला सांगायची, "यानं पाह्यलं माह्या लेकाचं तोंड. डोळे मिटेल होते, ओठ मिटेल होते." मी हो म्हणून मान हलवायचो.